घर कोठे घ्यावे?



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घर बांधणे म्हणजे केवढा खटाटोप, हे या म्हणीत सांगितले आहे. पण बांधण्याच्याही आधी एक काम असते. ते म्हणजे जागा निवडणे. भिंत वाकडी झाली तर पाडून पुन्हा बांधता येते. जागा चुकली तर ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

आपल्या हातकणंगले तालुक्यात हाताला काम आहे. इचलकरंजीत माग आहेत. शिरोलीला कारखाने आहेत. हुपरीला चांदीचे काम आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. कामासाठी माणसे येतात, भाड्याच्या खोलीत राहतात. चार पैसे साठले की स्वतःचे घर असावे असे वाटते. पण शहरात जागा महाग. मग माणूस आसपासच्या गावांत जागा शोधू लागतो. रस्त्याने जाताना पाट्या दिसतात : 'प्लॉट विकणे आहे'. आता तुम्हाला ती पाटी वाचता येते. पण पाटीवर लिहिलेले असते ते थोडे, आणि न लिहिलेले असते ते फार. ते न लिहिलेले कसे वाचावे, ते या धड्यात पाहू.

एका कुटुंबाची गोष्ट

समजा, एक कुटुंब आहे. नवरा इचलकरंजीत मागावर आहे. महिन्याला १८,००० रुपये मिळवतो. बायको घरी शिलाई करते. तिला ६,००० रुपये मिळतात. मुलगी आठवीत आहे. खोलीचे भाडे ३,५०० रुपये. नवरा-बायकोने भिशी लावून आणि बँकेत ठेवून बारा वर्षांत ५ लाख रुपये साठवले आहेत. बायकोचे थोडे सोने आहे. ते मोडायचे नाही, असे दोघांचे ठरले आहे.

त्यांनी तीन जागा पाहिल्या. पुढे दिलेले भाव हिशेब शिकण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावचा भाव वेगळा असेल. हिशेबाची रीत मात्र हीच.

पहिली जागा : शहराला लागून, पंचगंगेच्या अंगाला, १ गुंठा मोकळा प्लॉट. भाव ३ लाख. काम पायी जाण्याच्या अंतरावर.

दुसरी जागा : हातकणंगले गावात, गावठाणातले दोन खोल्यांचे जुने घर. भाव ९ लाख. शाळा, बाजार, दवाखाना आणि एस.टी. जवळ.

तिसरी जागा : डोंगराच्या बाजूला, नवीन पाडलेला १ गुंठ्याचा प्लॉट. भाव साडेचार लाख. हवा छान. पण एस.टी.चा रस्ता लांब. वडापने जावे लागते.

गुंठा म्हणजे किती, हे आधी पक्के करू. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे १ गुंठा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा १ एकर होतो. कोणी जागा दाखवली तर नुसत्या डोळ्यांनी अंदाज करू नका. टेप लावून स्वतः मोजा.

नवरा म्हणाला, "पहिली जागा सगळ्यात स्वस्त हाय. कामालाबी जवळ. घेऊन टाकू या."

बायको म्हणाली, "आवं, थांबा जरा. आधी हिशेब मांडू. आन् त्या आळीत जाऊन चार बायकांस्नी इचारू."

बाईचे बोलणे शहाणपणाचे होते. ती काय काय शोधून काढते, ते पाहू.

दहा वर्षांचा हिशेब

जागेचा भाव म्हणजे घराचा खर्च नव्हे. मोकळी जागा घेतली तर वर घर बांधावे लागते. दोन खोल्यांचे ५०० चौरस फूट बांधकाम धरू. एका चौरस फुटाला १,५०० रुपये धरले, तर ७,५०,००० रुपये होतात.

शिवाय सरकारी खर्च असतो. खरेदीपत्र करताना मुद्रांक शुल्क भरावे लागते. ते गाव आणि शहर यांप्रमाणे कमी-जास्त असते. आपण ६ टक्के धरू. त्यावर नोंदणी फी १ टक्का. ही फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये असते. म्हणजे एकूण ७ टक्के झाले. शंभर रुपयांना सात रुपये.

नंतर जाण्या-येण्याचा खर्च. दुसऱ्या जागेवरून नवऱ्याला रोज ३० रुपये लागतील. तिसऱ्या जागेवरून नवऱ्याला ६० आणि मुलीला ४०, असे रोज १०० रुपये लागतील. महिन्याचे २५ दिवस धरू. १०० गुणिले २५ म्हणजे महिन्याला २,५०० रुपये. वर्षाला ३०,०००. दहा वर्षांत ३ लाख!

आता तिन्ही जागांची बेरीज करू.

पहिली जागा : जागा ३,००,००० + सरकारी खर्च २१,००० + बांधकाम ७,५०,००० = १०,७१,००० रुपये.

दुसरी जागा : घर ९,००,००० + सरकारी खर्च ६३,००० + डागडुजी १,००,००० + दहा वर्षांचे जाणे-येणे ९०,००० = ११,५३,००० रुपये.

तिसरी जागा : जागा ४,५०,००० + सरकारी खर्च ३१,५०० + बांधकाम ७,५०,००० + दहा वर्षांचे जाणे-येणे ३,००,००० = १५,३१,५०० रुपये.

पाहिलेत? साडेचार लाखांची जागा नऊ लाखांच्या घरापेक्षा महाग पडली. आणखी एक गोष्ट. तिसऱ्या जागेवर वस्ती विरळ आहे. बाईच्या शिलाईला गिऱ्हाईक कोठून येणार? म्हणजे मिळकतही घटणार. शिवाय मुलगी संध्याकाळी शिकवणीहून परत कशी येणार, ही काळजी आईबापांच्या जिवाला. तिचे मोल आकड्यात मांडता येत नाही. पण अशाच काळजीपायी पुष्कळ मुलींची शाळा सुटते, हे ध्यानात ठेवा.

रस्ता आणि बाजार आधी पाहावा, ही गोष्ट जुन्या जाणत्यांना ठाऊक होती. मिरज ते कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. त्याच रेल्वेवर राजर्षी शाहू महाराजांनी जयसिंगपूर ही नवी पेठ वसवली. वडिलांचे नाव गावाला दिले. सरळ रस्ते आखले. रेल्वे होती, म्हणून व्यापारी आले. व्यापारी आले, म्हणून गाव वाढले. आपले घर लहान असले तरी नियम तोच आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या जागेत फरक आहे तो ८२,००० रुपयांचा. पहिल्या जागेवर घर बांधून होईपर्यंत वर्षभर भाडेही भरावे लागेल. ३,५०० गुणिले १२ म्हणजे ४२,००० रुपये. मग फरक उरला ४०,००० रुपयांचा. तरीही पहिली जागा स्वस्त दिसते. ती खरोखर स्वस्त आहे का?

पाणी कोठवर येते?

बाई एका दुपारी नदीकडच्या आळीत गेली. एक म्हातारी दारात धान्य पाखडत बसली होती. बाईने तिला विचारले, "मावशी, हितं पाणी येतं का ओ?"

म्हातारीने भिंतीतल्या दिवळीकडे बोट दाखवले. "बाई, ह्या दिवळीच्या वर आलं हुतं. म्हसरं घिऊन रातोरात निघालो. चुलीची माती सुदिक ऱ्हायली न्हाई."

बाईने दिवळीला हात लावून पाहिला. दिवळी तिच्या खांद्याच्या वर होती.

पंचगंगा आपली आई आहे. तिच्यामुळे ऊस आहे, पिण्याचे पाणी आहे. पण ती पावसाळ्यात पात्र सोडते. असे का होते? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा नद्यांचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते. या नद्या सह्याद्रीच्या बाजूने येतात. तिकडे पाऊस फार. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाही भरलेली असली, की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. मग ते मागे तुंबते आणि शेतात, गावात पसरते.

कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची उंची मोजतात. ३९ फुटांना इशारा पातळी म्हणतात. ४३ फुटांना धोका पातळी म्हणतात. २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. त्याआधी २००५ साली मोठा पूर आला होता. नंतर २०२१ सालच्या जुलैमध्ये पुन्हा आला. म्हणजे सतरा वर्षांत तीन मोठे पूर.

आता त्या ४०,००० रुपयांचा विचार करा. घरात एकदा पाणी शिरले की धान्य जाते. अंथरूण-पांघरूण जाते. शिलाईचे मशीन गंजते. विजेची तार खराब होते. पंधरा-पंधरा दिवस काम बुडते. एका पुरात चाळीस हजार कसे वाहून जातात, ते कळतही नाही. पुढचा पूर कोणत्या वर्षी येईल, हे कोणी सांगू शकत नाही. तो येणार नाही, असेही कोणी सांगू शकत नाही.

म्हणून नदीकाठची जागा घेण्याआधी चार गोष्टी करा.

१. जागा उन्हाळ्यात पाहिली असेल तर पुन्हा आषाढ-श्रावणात पाहा. दलाल उन्हाळ्यात जागा दाखवतो. पाऊस खरी जागा दाखवतो.

२. शेजारच्या तीन घरी विचारा. बायकांना विचारा, म्हाताऱ्यांना विचारा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही सालांचे विचारा. भिंतीवर पाण्याची खूण दिसते का, ते पाहा.

३. पूररेषेची चौकशी करा. सरकार नकाशावर दोन रेषा आखते. निळी रेषा आणि लाल रेषा. पंचवीस वर्षांत एकदा येईल एवढा पूर जेथवर पोचतो, ती निळी रेषा. शंभर वर्षांत एकदा येईल एवढा पूर जेथवर पोचतो, ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी असतात. हे नकाशे जलसंपदा विभागाकडे आणि नगररचना कार्यालयात पाहायला मिळतात. जागेचा गट नंबर घेऊन जा आणि विचारा.

४. बँकेत विचारा, "या जागेवर घरासाठी कर्ज द्याल का?" बँक नाही म्हणाली तर "का नाही?" हेही विचारा. बँकेला भीती वाटते त्या जागेची आपल्यालाही भीती वाटावी.

पिण्याच्या पाण्याची चौकशीही अशीच करा. नळ आहे का, पाणी किती दिवसांनी येते, पाणी शुद्ध करून सोडतात का, हे शेजाऱ्यांना विचारा. गटाराचे पाणी कोठे जाते, ते स्वतः पाहा. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्याने घरेच्या घरे आजारी पडतात. नळ आणि गटार जवळजवळ असतील तर सावध राहा.

मातीही पाहा. नदीच्या बाजूची काळी माती पिकाला उत्तम, पण घराला वाईट. ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. मग भिंतींना तडे जातात. अशा मातीत पाया खोल नेऊन मुरमावर टेकवावा लागतो. तो खर्च वेगळा. डोंगराकडे मुरूम वर असतो, तेथे पाया कमी खर्चात होतो. प्रत्येक जागेला तिचा गुण असतो आणि तिचा दोष असतो. दोन्ही पाहून मगच ठरवावे.

त्या रात्री नवऱ्याने वहीतल्या पहिल्या जागेवर काट मारली.

कागद काय म्हणतो?

राहिली दुसरी जागा. घर चांगले होते. भिंती दगडाच्या होत्या. नवऱ्याला वाटले, आता पैसे देऊन टाकावे. पण अजून सगळ्यात मोठे काम राहिले होते. ते म्हणजे कागद वाचणे.

आपल्याकडे कागद पुष्कळ असतात. कोणता कागद काय सांगतो, ते समजून घ्या.

सातबारा : शेतजमिनीचा हा मुख्य उतारा. सात नंबरच्या भागात जमीन कोणाच्या नावावर आहे आणि किती आहे, ते लिहिलेले असते. बारा नंबरच्या भागात पीक लिहिलेले असते. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो. तो अवश्य वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तेथे दिसतो. 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले असेल तर थांबा. अशी जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकणाऱ्याने दाखवलेली जुनी झेरॉक्स चालवून घेऊ नका. तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, नवा उतारा घ्या. डिजिटल सहीचा उतारा संगणकावरही मिळतो.

फेरफार : जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर कशी गेली, ते यात असते. खरेदीने गेली, वारसाने गेली की वाटणीने गेली, ते येथे कळते.

बिनशेती आदेश : शेतजमिनीवर घर बांधायचे तर ती बिनशेती झालेली असावी लागते. लोक याला एन.ए. म्हणतात. दलाल म्हणतो, "एन.ए. होणार आहे." होणार आणि झाले यांत फार अंतर आहे. आदेशाचा कागद मागा. त्यावरचा गट नंबर आणि आपल्या जागेचा गट नंबर एकच आहे का, ते ताडून पाहा.

मिळकत पत्रिका : गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तेथे मिळकत पत्रिका असते. लोक तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. २०२० सालापासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून अनेक गावांत ही कार्डे देण्यात आली आहेत.

घरपट्टीचा उतारा : यावर नाव असले म्हणजे मालकी झाली, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. घरपट्टी कोणी भरायची, एवढेच हा उतारा सांगतो. मालक कोण, हे तो ठरवत नाही.

आता गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटांविषयी. शेतजमिनीचे लहान तुकडे करून विकण्यावर १९४७ सालच्या तुकडेबंदी कायद्याने बंधने घातली. तरी लोकांनी तुकडे विकले आणि लोकांनी घेतले. अशी बांधकामे नियमात बसवण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला. पुढे या नियमांत बदल होत आले आहेत. म्हणून 'सगळे असेच घेतात' या बोलण्यावर जाऊ नका. आपली जागा आजच्या नियमात बसते का, ते तहसील कार्यालयात किंवा वकिलाकडे विचारा. दहा जणांची नावे एकाच सातबाऱ्यावर घालून देतो, असे कोणी म्हणाले तर पैसे खिशातच ठेवा. उद्या भांडण लागले तर आपला गुंठा नेमका कोणता, हे दाखवता येत नाही.

सर्वांत मोठी गोष्ट आता सांगतो. स्टॅम्पपेपरवर लिहून आणि नोटरीचा शिक्का मारून घर आपले होत नाही. १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीचे वा घराचे खरेदीपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावेच लागते. हा १८८२ सालचा कायदा आहे आणि तो आजही चालू आहे. संचकारपत्र म्हणजे विकण्याचा करार. संचकार दिला म्हणजे मालकी आली नाही. खरेदीपत्र नोंदले की मालकी आली. त्यानंतर फेरफार करून उताऱ्यावर नाव लावून घ्यायचे. हे तिन्ही टप्पे पुरे करा.

बहिणीची सही

आपल्या कुटुंबाकडे परत येऊ. बाईने मिळकत पत्रिका मागून घेतली आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. पत्रिकेवर तीन नावे होती. दोन भाऊ आणि एक बहीण. पैसे घ्यायला मात्र दोघे भाऊच आले होते.

बाईने विचारले, "दादा, हे तिसरं नाव कुणाचं?"

थोरला भाऊ म्हणाला, "बहिणीचं हाय. ती तिकडं सांगलीला दिली. तिला काय करायचंय? आमी दोघं सही करतो. लवकर ठरवा. उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार हाय."

बाई म्हणाली, "तिचं नाव कागदावर हाय न्हवं? मग तिची सही पायजे. सही मिळू द्या, मग पैसे घ्या."

नवऱ्याला वाटले, घर हातचे जाणार. पण बाईने बरोबर केले. बापाच्या मिळकतीत मुलीचाही हिस्सा असतो. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. बहिणीची सही न घेता घर घेतले असते, तर उद्या तिने किंवा तिच्या मुलांनी दावा लावला असता. मग बारा वर्षांची साठवण कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली असती. आणि दाव्याचे बाजूला ठेवा. जिचा हिस्सा आहे, तिला न विचारता घेतलेल्या घरात सुखाने झोप कशी लागेल?

दोन महिने गेले. दुसरे गिऱ्हाईक काही आले नाही. बहीण आली. तिला तिचा वाटा मिळाला. तिघांनीही दुय्यम निबंधकासमोर खरेदीपत्रावर सही केली. त्याआधी वकिलाने जुन्या नोंदी शोधून, घरावर बोजा नाही याची खात्री केली होती. पैसे रोख न देता बँकेतून दिले. म्हणजे दिल्याचा पुरावा राहिला.

पैशाची बाजू कशी जमली, तेही पाहा. घराची किंमत ९ लाख. ३ लाख स्वतःचे दिले. ६ लाख बँकेचे कर्ज काढले. व्याज ९ टक्के आणि मुदत १५ वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,०८६ रुपये येतो. पंधरा वर्षांत एकूण जवळजवळ ११ लाख फेडावे लागतात. म्हणजे व्याजच सुमारे ५ लाख. कर्ज घेण्याआधी हा आकडा बँकेकडून कागदावर लिहून घ्या. मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा हप्ता घेऊ नये. या कुटुंबाची मिळकत २४,००० रुपये. तिसरा हिस्सा ८,०००. हप्ता त्याच्या आत आहे. शिवाय ३,५०० रुपयांचे भाडे आता वाचले.

घर बाईच्या नावावर घेतले. राहते घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ही सवलत २०२१ सालापासून आहे. त्यामुळे ९,००० रुपये वाचले. सरकारी खर्च ६३,००० होता, तो ५४,००० झाला. डागडुजीला १ लाख लागले. साठवलेल्या ५ लाखांतून ४६,००० रुपये हातात उरले. ते त्यांनी बँकेत ठेवले. दुखण्याखुपण्याला हाताशी काही असावे. सगळेच पैसे भिंतीत घालू नयेत.

ज्यांच्याजवळ एवढीही शिल्लक नाही, त्यांनी सावकाराकडे धावू नये. आधी ग्रामपंचायतीत जाऊन घरकुलाची चौकशी करावी. ज्यांना घरकुल मंजूर झाले पण जागा नाही, त्यांना जागा घेण्यासाठी मदत देणारी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची सरकारी योजना आहे. चौकशीला पैसे पडत नाहीत.

मंडळी, तुम्ही नुकतेच वाचायला शिकलात. पूर्वी अंगठा द्यावा लागे. कोठे अंगठा दिला, ते कळत नसे. आता सही करता येते. पण सही येते म्हणून सही करू नका. वाचता येते, म्हणून आधी वाचा. एखादा शब्द अडला तर उठून विचारा. 'बाई, यात काय वाचायचंय?' असे जो म्हणेल, त्याच्यासमोर तर दोनदा वाचा.

हे ध्यानात ठेवा

१. भाव कमी म्हणजे घर स्वस्त, असे नाही. दहा वर्षांचा खर्च मांडा.
२. जागा पावसाळ्यात पाहा.
३. शेजाऱ्यांना पुराचे, पाण्याचे आणि गटाराचे विचारा.
४. नवा उतारा घ्या. त्यावरची सगळी नावे वाचा.
५. ज्यांची नावे, त्या सर्वांच्या सह्या.
६. खरेदीपत्र नोंदवा. मग उताऱ्यावर नाव लावून घ्या.
७. थोडे पैसे अडीअडचणीला शिल्लक ठेवा.

शब्दांचे अर्थ

गावठाण – गावातली घरे बांधण्याची जुनी जागा
बोजा – मिळकतीवर असलेले कर्ज
संचकार – खरेदी ठरल्यावर आगाऊ दिलेली रक्कम, इसार
दुय्यम निबंधक – खरेदीपत्राची नोंद करणारा सरकारी अधिकारी
वारस – मेलेल्या माणसाच्या मिळकतीचा हक्कदार
पूररेषा – पुराचे पाणी कोठवर येते, ते दाखवणारी नकाशावरची रेघ

प्रश्न

१. साडेचार लाखांची जागा नऊ लाखांच्या घरापेक्षा महाग का पडली?
२. पंचगंगेचे पाणी मागे का तुंबते?
३. घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव असले म्हणजे घर आपले झाले का?
४. बाईने बहिणीची सही का मागितली? तुम्ही तिच्या जागी असता तर काय केले असते?
५. एका प्लॉटची लांबी ४० फूट आणि रुंदी ३० फूट आहे. तो किती चौरस फूट झाला? तो १ गुंठ्यापेक्षा मोठा की लहान?
६. रोज जाण्या-येण्याला ४० रुपये लागतात. महिन्याचे २५ दिवस धरून दहा वर्षांचा खर्च काढा.

घरी करण्याचे काम

तुमच्या घराचा किंवा शेताचा उतारा वर्गात घेऊन या. त्यावरची नावे मोठ्याने वाचा. घरातल्या कोणाचे नाव राहून गेले आहे का, ते पाहा. राहिले असेल तर ते का राहिले, हे घरी बसून एकमेकांना विचारा.